जाळी काढायची कधी आणि ठेवायची कुठे?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ती खिडकीची काळी पडलेली जाळी. म्हणूनच की काय, या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं जाळीचीच आहेत. त्यातली पाच निवडली. मी अठ्ठावीस वर्षं अक्कलकोट रोडला ॲल्युमिनियम सेक्शनचं काम केलं. माझी अक्कल बोटांतली आहे, पुस्तकातली कमी. तेवढं समजून घ्या.

काका, माझी लेक कॅनडात असते. ऑक्टोबर आला की ती घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या काढते, धुते, नंबर टाकून तळघरात ठेवते आणि एप्रिल-मेमध्ये परत बसवते. मला फोनवर म्हणते, 'आई, तू पण थंडीत काढून ठेव, जास्त टिकतील.' आमच्या घरात नऊ खिडक्या आहेत. काढू का?
— एक आजी, जुळे सोलापूर

आजी, लेकीचं तिच्या गावात बरोबर आहे. तिकडे काच आणि जाळी यांच्यामधल्या फटीत बर्फ साचतो, गोठतो आणि जाळी ताणून ठेवतो. चौकटसुद्धा वाकते. शिवाय त्यांचा हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, दिवस आखूड असतो, आणि काचेतून जेवढं ऊन आत येईल तेवढं त्यांना हवंच असतं. जाळी मध्ये आली की ते ऊन अडतं. काही खिडक्यांना जाळी आतल्या बाजूने असते, तिथे घरातली गरम हवा काचेपर्यंत नीट फिरत नाही आणि काचेवर पाणी धरतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे एवढ्या गारठ्यात डासच उडत नाही. मग जाळी अडवणार कुणाला?

आपली सोलापूरची थंडी म्हणजे संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत पहाटे दोन चादरी आणि दुपारी पंखा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उभं राहिलं तर सकाळी दहालाच अंगातला स्वेटर कमरेला बांधावा लागतो. एवढ्याशा गारव्याने डास मरत नाहीत. पाऊस संपल्यावरचे दोन-तीन महिने तर डेंगीचे. तेव्हा जाळी काढू नका. धुवा, आणि लगेच परत लावा.

पण तुमचं पत्र वाचताना माझ्या मनात दुसरंच आलं. सोलापुरात जाळी काढून ठेवायचा हंगाम आहेच की! फक्त तो उन्हाळा आहे. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो, खिडकीला लागतो, आणि तिथली जाळी निघते. त्या जाळीचं पुढे काय होतं ते मी घरोघर बघितलंय. गच्चीवर टाकीच्या मागे, जिन्याखाली सायकलीला टेकवून, नाहीतर पत्र्याच्या खोलीत. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, दिव्याभोवती पंखवाले किडे गोळा होतात आणि घरात शोधाशोध सुरू होते. कोणती जाळी कोणत्या खिडकीची ते कळत नाही, एकीचं चौकटीत जाळी धरून ठेवणारं रबर निघालेलं असतं आणि एकीत कुणाचा तरी पाय गेलेला असतो.

दुसऱ्याला काय हसू? आमच्याच घरात मी पहिल्या वर्षी चार जाळ्या माळ्यावर आडव्या रचल्या. वर गौरीचं मखर, आणि मखरावर सासूबाईंनी दिलेलं पितळी घंगाळ. मृगाला काढल्या तर वरच्या जाळीला बरोबर घंगाळाच्या बुडाएवढा गोल खड्डा. बायको म्हणाली, "छान झालंय, यात दही लावते." सेक्शनवाल्याच्या घरी ही अवस्था!

तेव्हापासून आमची रीत अशी. जाळी आधी धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच ठेवायची, कारण ओलसर धूळ चार महिन्यांत सिमेंटसारखी बसते. चौकटीच्या वरच्या कडेला, बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी, मार्करने लिहायचं: 'बैठक, उगवती, डावी.' नुसता आकडा लिहू नका. मी एकदा आकडे टाकले होते आणि मोजायला कुठल्या खिडकीपासून सुरुवात केली तेच विसरलो. स्क्रू, क्लिपा शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत, आणि बरणी स्वयंपाकघरातच ठेवायची, म्हणजे हरवत नाही. जाळ्या लांब बाजूवर उभ्या करायच्या, दोन जाळ्यांमध्ये पुठ्ठा, आणि सगळ्यांना मिळून एक जुनी चादर गुंडाळायची. आपल्याकडे जुन्या चादरींना काय तोटा? प्लास्टिकच्या कागदात घट्ट बांधू नका, आत दमट राहतं. कपाटामागची भिंत ही सगळ्यात चांगली जागा. पत्र्याखाली मात्र कधीही नाही. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असतो, पत्र्याखाली तर भट्टीच. फायबरच्या जाळीवर प्लास्टिकचं पातळ कवच असतं, ते उन्हा-उष्म्याने कडक होतं, आणि रबर तर वाळलेल्या शेवग्यासारखं मोडतं.

चौकटीतून सुटी केलेली फायबरची जाळी असेल तर ती गुंडाळी करून ठेवा, घडी नको. आतले धागे काचेच्या तंतूंचे असतात. घडी पडली की तिथेच चिरतात, आणि पुढच्या वर्षी बरोबर त्या रेषेवर फाटते.

जाता जाता कूलरबद्दल. कूलर आणि खिडकी यांच्यामध्ये जी फट उरते ती पुठ्ठ्याने बंद करा, नाहीतर जाळी काढून डासांना दार उघडून दिल्यासारखं आहे. आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून माळ्यावरून कूलर उतरवला की पाणी भरायच्या आधी आणि परत चढवायच्या आधी, दोन्ही वेळा घासणी फिरवायची.

आमच्या घराला लागूनच यंत्रमाग आहेत. उडणाऱ्या रुईने जाळी महिन्यात भरून जाते, वारा आत येत नाही. नळाला चार दिवसांआड पाणी, त्यामुळे पाइप लावून धुणं परवडत नाही. शेजारचे म्हणतात फरशीचं ॲसिड लावा, एका फटक्यात साफ होईल.
— एक वाचक, भवानी पेठ

शेजाऱ्यांना नमस्कार सांगा आणि ॲसिडची बाटली संडासातच राहू द्या. हा प्रयोग मी केलेला आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग जावेत म्हणून एका गिऱ्हाइकाच्या चार चौकटींवर मी पातळ ॲसिड फिरवलं. डाग गेले, आणि त्यांच्या जागी कधीच न जाणारे धुरकट चट्टे आले. ॲल्युमिनियमला ॲसिडही सोसत नाही आणि कॉस्टिक सोडाही. चारही शटर, म्हणजे खिडकीचे सरकते पल्ले, मी पदरचे पैसे घालून बदलून दिले.

रुईचं औषध वेगळं आहे, आणि नशिबाने त्याला पाणी लागतच नाही. लोक चुकतात ते पहिल्याच पायरीला: जाळीवर पाणी मारतात. रुई ओली झाली की तिचा लगदा होतो, तो लगदा भोकात बसतो आणि वाळला की नमद्यासारखा घट्ट होतो. आधी कोरडी काढा. शटर उतरवा, अंगणात जुनी चादर अंथरा, आणि जाळीची बाहेरची बाजू खाली करून ठेवा. रुई बाहेरून आत शिरलेली असते, म्हणून तिला आलेल्या वाटेनेच परत घालवायचं. कपड्यांचा मऊ ब्रश घेऊन आतल्या बाजूने हलक्या हाताने, एकाच दिशेने ओढा. मग शटर उभं करून चौकटीवर तळहाताने चार थापा. चादरीवर जी पांढरी रेघ पडते ती बघून तुम्हालाच कळेल की वारा कुठे अडला होता.

त्यानंतर पाणी, तेही एका खिडकीला अर्धी बादली पुरतं. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला. दोन स्पंज घ्या, एक जाळीच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही हात समोरासमोर ठेवून वरून खाली या. एकाच बाजूने दाबलं की जाळी पोट काढते. दोन्हीकडून आधार असला की तिला ताण बसत नाही. शेवटी पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या, कारण बोअरचं जड पाणी जाळीवरच वाळलं की पांढरे ठिपके राहतात. सावलीत वाळवा. आणि ते मळकं पाणी शटर सरकतात त्या ट्रॅकमध्ये ओतून ट्रॅकही घासून टाका. ट्रॅकच्या तळाला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी जायला. ती रुईने बुजलेली असणार. टाचणीने मोकळी करा.

दर महिन्याला उतरवायचा कंटाळा येतो, कबूल. मग पंधरा दिवसांनी नुसता कोरडा ब्रश फिरवा आणि धुणं वर्षातून तीनदा ठेवा: पाऊस संपल्यावर, संक्रांतीच्या सुमारास आणि कूलर लावताना. आमचे वडील गिरणीत होते. त्यांच्या मिशांवरसुद्धा रुई असायची आणि आई त्यांना दारातच झटकून आत घ्यायची. आधी कोरडं झटकायचं, मग धुवायचं, हे मी तिच्याकडूनच शिकलो म्हणा.

भाड्याचं घर आहे. मालक भिंतीला एक खिळासुद्धा मारू देत नाहीत. जाळी कशी लावू?
— एक नोकरदार, विजापूर रोड

वेल्क्रोची जाळी लावा. पट्टी चिकटवायच्या आधी चौकट स्पिरिटने पुसा आणि पट्टी लावल्यावर एक दिवस जाळी लावू नका, गोंदाला पकडू द्या. मे महिन्यात चिकटवू नका. तापलेल्या चौकटीवर गोंद सरकतो. सोडताना कोपऱ्यापासून हळू ओढा. ही जाळी धुताना पिळायची नाही, बस.

सगळ्या खिडक्यांना जाळी आहे, तरी आमच्या मुलाला डेंगी झाला. मग जाळीवर खर्च कशाला करायचा? काहीतरी खरं सांगा.
— एक वडील, होटगी रोड

मुलगा बरा झाला असेल अशी आशा करतो. तुमचा राग मला कळतो. हाच राग मी दुकानात उभं राहून अनेकदा ऐकलाय.

डासांमुळे मलेरिया होतो, याचा पहिला पक्का पुरावा ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना मिळाला तो सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी. आपल्याच स्टेशनवरून वाडीमार्गे गाडी जाते ते सिकंदराबाद. पण लोकांना पटेना. म्हणून १९०० साली सँबॉन आणि लो हे दोन डॉक्टर इटलीत, रोमजवळच्या मलेरियाने बदनाम असलेल्या दलदलीत, जाळी लावलेल्या एका झोपडीत जाऊन राहिले. ऐन मलेरियाचे महिने त्यांनी तिथे काढले. दिवसभर बाहेर हिंडायचे आणि सूर्य मावळायच्या आत जाळीच्या आड. मलेरियाचं औषध क्विनीन घेतलं नाही, आणि दोघांनाही मलेरिया झाला नाही. आजूबाजूची माणसं तापाने फणफणत होती.

ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना जाळी विकताना सांगायचो. पुढचा अर्धा भाग मात्र गाळायचो, तो आज सांगतो. त्या दोघांची जाळी उपयोगी पडली, कारण मलेरियाचा डास रात्री चावतो. डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी उन्हं आल्यावर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी. त्या वेळी आपल्या घराचं दार उघडं असतं. दूधवाला, कामवाल्या मावशी, शाळेची व्हॅन, सगळ्यांची ये-जा चालू असते. आणि बऱ्याच घरांत तो बाहेरून येतच नाही. आत जन्मतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी म्हणून आपल्या प्रत्येक घरात ड्रम, हंडे, टाक्या भरलेल्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. ड्रमवर फळी टाकलेली असते आणि फळीला मगासाठी अर्धवट फट. त्या फटीतून सगळा संसार चालतो. ड्रमच्या तोंडाला कापड बांधा, सुती, दोरी आवळून. आठवड्याचा एक वार ठरवून ड्रम पूर्ण रिकामा करा, आतून घासा, उपडा घाला. जाळीच्या आत डास तयार होत असेल तर जाळी त्याला बाहेर जाऊ देत नाही, एवढाच तिचा उपयोग.

तरीही तुमच्या खिडक्या एकदा तपासा. सरकत्या खिडकीत एक खोड असते, ती बहुतेकांना माहीत नसते. काच अर्धवट उघडी ठेवली तर काचेचा उभा पट्टा आणि जाळीचा उभा पट्टा एकमेकांवर येत नाहीत. मधून बोटभर उभी वाट राहते. जाळी पुढे दिसते म्हणून आपण निर्धास्त, आणि डास बाजूच्या गल्लीतून आत. म्हणून काच उघडायची तर पूर्ण सरकवा, आणि जाळी बरोबर उघड्या भागासमोर आणा. शटरच्या कडेला केसाळ पट्टी असते, ती झिजून टकली झाली असेल तर बदलून घ्या. हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळते, स्वस्त आहे. रात्री खोलीत दिवा लावा, बाहेर जाऊन उभे राहा आणि जाळीच्या चारही कडा बघा. जिथून उजेडाची सरळ रेघ येते, तिथून डास येतो.

बाथरूमच्या एक्झॉस्टचं भोक बघितलं का? आणि संडासाच्या सेप्टिक टाकीच्या पाइपचं वरचं तोंड? गच्चीवर जाऊन त्या पाइपला जाळीचा तुकडा बांधून या. डेंगीचा नाही, पण घरातल्या रात्रीच्या डासांपैकी कितीतरी त्याच टाकीत वाढलेले असतात. दुकानात कापून उरलेले तुकडे मी या कामासाठी फुकट द्यायचो.

आणि जाळी केवढ्या भोकांची आहे तेही मोजा. शिंप्याची टेप जाळीवर ठेवा आणि एका इंचात किती धागे बसतात ते मोजा. चष्मा लावून, सुईचं टोक एकेका धाग्यावर टेकवत. नेहमीच्या फायबरच्या जाळीत एका बाजूने अठरा आणि दुसऱ्या बाजूने सोळा भरतात, म्हणजे भोक साधारण मिलिमीटरभराचं. डासाला ते पुरे आहे. बारा-तेराच भरले तर ती जाळी पाखरं अडवायची, डास नव्हे, आणि तुम्हाला फसवलंय. त्यातूनही चिलटं येतात अशी तक्रार असेल तर आणखी बारीक जाळी मिळते. पण जितकी बारीक तितका वारा कमी. सोलापूरच्या मे महिन्यात हा सौदा मी करणार नाही.

जुन्या घराच्या लाकडी चौकटीला तारेची जाळी आहे, ती गंजली. शिवाय मागच्या वेळी रंगवाल्याने खिडकीबरोबर जाळीलाही ऑइलपेंट मारला. आता अर्धी भोकं बंद. जाळी बदलायची तर कोणती घालावी? आणि स्वतः बसवता येईल का?
— एक शिक्षक, साखर पेठ

ऑइलपेंटने बुजलेली जाळी मोकळी करायच्या फंदात पडू नका. थिनरने निघतो तेवढा रंग निघतो, गंज तसाच राहतो. बदला. तळमजल्यावर उंदीर-मांजराचा वावर असेल तर स्टीलची घाला, महाग पडते पण एकदाच. वरच्या मजल्यावर फायबरची चालेल.

बसवता येईल, पण सर, ती लाकडी चौकट भिंतीत खिळलेली असेल. बहुतेक जुन्या घरांत तशीच असते, म्हणून ती जाळी पन्नास वर्षांत एकदाही धुतलेली नसते. माझं ऐकाल तर खिडकीच्या आत बसेल अशी वेगळी ॲल्युमिनियमची चौकट करून घ्या, दोन फिरत्या क्लिपांवर, हाताने निघणारी. जी जाळी काढता येत नाही ती कुणी धुवत नाही.

चौकट आणली की जाळी भरणं अर्ध्या तासाचं काम. चौकट सपाट फरशीवर ठेवा. जाळी चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापा. खाचेत रबर दाबायला एक छोटं दांड्याचं चाक मिळतं. आधी एक लांब बाजू कोपऱ्यापासून भरा, मग समोरची, मग आखूड दोन. रबर खाचेच्या मापाचंच घ्या. जुन्या रबराचा तुकडा खिशात घालून दुकानात जा, आकडा सांगू नका.

जाळी तबल्यासारखी ताणायचा मोह होतो. माझ्या हाताखालचा प्रत्येक नवा पोरगा तेच करायचा आणि मी प्रत्येकाला ओरडायचो, "चौकटीचा डमरू करू नको बे!" जास्त ताणलं की लांब बाजू मधोमध आत वाकते, आणि ती चौकट खिडकीत वरच्या आणि खालच्या टोकाला बसते पण मध्ये दोन्हीकडे फट राहते. त्यासाठी भरताना चौकटीच्या मधोमध, दोन लांब बाजूंच्या आत, बरोबर मापाची लाकडी पट्टी आडवी अडकवून ठेवा. चारही बाजू झाल्या की काढा. उरलेली जाळी कापताना ब्लेड रबराच्या बाहेरच्या कडेने चालवा, पातं बाहेरच्या दिशेला झुकवून. आत झुकलं की नवी जाळी कोपऱ्यात उघडते आणि परत पहिल्यापासून.

आणि पुढच्या वेळी रंगवाला आला की त्याने डबा उघडायच्या आधी जाळ्या उतरवून गच्चीवर नेऊन ठेवा. त्याला तोंडी सांगून उपयोग होत नाही, मी तीनदा सांगून बघितलंय.